फिरंगी, इंगरेज, वलंदेज : परक्यांची नावे आणि नगरची जीभ

सोळा-सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नगरमध्ये भरलेल्या एका इतिहास परिसंवादात मला निबंध वाचायला बोलावले होते. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकुनी केलेला माणूस. शिक्षण बी. कॉम., तेही बाहेरून परीक्षा देऊन. गाळप हंगाम संपला की हाताला काम कमी असे, त्या रिकाम्या दिवसांत जुनी पुस्तके वाचता वाचता इतिहासाचा नाद लागला. परिसंवादातला माझा विषय होता ‘निजामशाही आणि चौलचे पोर्तुगीज’. निबंध वाचून झाला. अध्यक्षस्थानी असलेले गृहस्थ समारोपाला उभे राहिले आणि म्हणाले, “निबंध ठीक आहे. पण अहो, ज्यांच्यावर लिहिता त्यांचे नाव तरी नीट उच्चारा. तो शब्द पोर्तुगीज नाही, पोर्चुगीज आहे. मध्ये च आहे आणि शेवटी झेड आहे, आपला ज नाही.” सभागृहात हशा पिकला. मीही हसलो, कारण दुसरे काही सुचले नाही.

त्यानंतर चार-पाच वर्षे मी सभेत बोललो नाही. लिहीत राहिलो, पण बोलायचे टाळले. मात्र तो एक शब्द डोक्यातून जाईना. पोर्तुगीज हा उच्चार खरोखर चूक आहे का? असेल तर ती चूक कोणाची, कधीची? आणि बरोबर उच्चार ठरवायचा कोणी? या प्रश्नांच्या मागे लागून जे हाती आले ते या लेखात मांडतो आहे. सुरुवात माझ्या अपमानापासून झाली असली तरी शेवटी विषय माझा राहिला नाही, तो आपल्या जिल्ह्याच्या पाचशे वर्षांचा झाला.

शब्द मुळात कोणाचा?

पोर्तुगालचे लोक स्वतःला आणि स्वतःच्या भाषेला जे नाव देतात त्याचा आजचा लिस्बनकडचा उच्चार साधारण ‘पुर्तुगेश’ असा आहे. त्यात च नाही, आपल्यासारखाच दाताला जीभ लावून काढलेला स्वच्छ त आहे. शेवटी झेडही नाही, श आहे. लॅटिनमध्ये एखाद्या ठिकाणचा रहिवासी सांगायला ‘एन्सिस’ असा प्रत्यय लावत. पोर्तुगीज भाषेत झिजून त्याचा ‘एश’ झाला आणि इंग्रजीत ‘ईज’. जपानी, चिनी आणि पोर्तुगीज यांची इंग्रजी नावे एकाच तऱ्हेने संपतात ती यामुळे. मधल्या त चा च करणे ही इंग्रजांच्या जिभेची लकब. ‘नेचर’ आणि ‘पिक्चर’ या शब्दांतही मुळात त होता, त्याचाही त्यांनी च केला.

खुद्द इंग्रजांनाही हा शब्द नीट पेलला नव्हता. शेवटचा ‘झ’ हा अनेकवचनाचा प्रत्यय आहे अशी त्यांच्या सामान्य खलाशांची समजूत झाली आणि एका माणसाला ते ‘पोर्तुगी’ म्हणू लागले. एक पोर्तुगी, अनेक पोर्तुगीज! चिनी माणसाच्या नावाचेही त्यांनी असेच केले. तेव्हा अध्यक्षांनी मला शिकवलेला उच्चार इंग्रजीपुरता बरोबर होता, पण तो त्या लोकांचा स्वतःचा उच्चार नव्हता. त कारापुरता तरी माझा अडाणी उच्चारच मुळाच्या जवळ होता.

आता शेवटच्या ज चे. मराठीत ज दोन आहेत. ‘जीवन’, ‘जय’ यांतला तालव्य आणि ‘जमीन’, ‘बाजार’, ‘आज’ यांतला दंत्य. लिहिताना अक्षर एकच, म्हणून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, बोलणाऱ्याला मात्र तो कोणी शिकवावा लागत नाही. आमच्या भागात ‘इंग्रज’ म्हणताना शेवटचा ज दंत्य असतो आणि ‘इंग्रजी’ म्हटले की पुढच्या ई मुळे तोच ज तालव्य होतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांत झ चे जे होते तेच. आम्ही ‘पोर्तुगीज’ म्हणतो तेव्हाही शेवटी दंत्य ज च असतो आणि तो झेडच्या अगदी शेजारी बसतो. म्हणजे अध्यक्षांना हवा असलेला ध्वनी जवळपास माझ्या तोंडात होताच. त्यांनी तो ऐकण्याऐवजी मनातल्या मनात लिहून पाहिला असावा.

नगरने त्यांना काय म्हटले

पण खरी गंमत पुढे आहे. निजामशाहीच्या काळात नगरमध्ये कोणी पोर्तुगीजही म्हणत नव्हते आणि पोर्चुगीजही. शब्द होता फिरंगी.

मलिक अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता उभी केली आणि १४९४ मध्ये भिंगारजवळ नव्या शहराची पायाभरणी केली. त्यानंतर चारच वर्षांनी, १४९८ मध्ये, वास्को द गामा कालिकतला उतरला. निजामशाहीचे महत्त्वाचे बंदर चौल. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांचा पराभव केला, त्यात त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मेदा मारला गेला. पुढे पोर्तुगीज चौलला वखार आणि कोट बांधून बसले. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशाहाने त्या कोटाला वेढा घातला, पण तो घेता आला नाही आणि तह करावा लागला. जवळजवळ शंभर वर्षांचा हा शेजार. कधी व्यापार, कधी लढाई.

नगरच्या दरबाराची भाषा फारसी. अरबांनी धर्मयुद्धांच्या काळात पश्चिम युरोपातल्या सगळ्याच लोकांना ‘फ्रँक’ या एका जमातीच्या नावाने ओळखले आणि त्याचे ‘इफ्रंज’ केले. फारसीत त्याचे ‘फरंगी’ झाले आणि मराठीत ‘फिरंगी’. म्हणजे पोर्तुगीज माणूस कोकण किनाऱ्यावर उतरण्याआधीच त्याचे नाव इथे येऊन बसले होते. माणूस नंतर आला आणि तयार नावात शिरला. त्या नावाला मग पालवी फुटली. युरोपी पात्याची सरळ लांब तलवार ती ‘फिरंग’. पोर्तुगीजांचा मुलूख तो ‘फिरंगाण’. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात उपदंशाला ‘फिरंगरोग’ म्हटले आहे.

उलट बाजूने पाहा. पोर्तुगीजांनी नगरच्या सुलतानाला काय म्हटले? त्यांच्या कागदांत तो ‘निझामलुको’ आहे, म्हणजे निजाम-उल-मुल्क. गोवळकोंड्याचा कुत्ब-उल-मुल्क तो ‘कोतामलुको’ आणि विजापूरचा आदिलखान तो ‘इदालकांव’. पणजीत मांडवीच्या काठावरच्या जुन्या राजवाड्याला पोर्तुगीज भाषेत ‘इदालकांवचा वाडा’ म्हणतात, तो हाच आदिलखान. त्यांनीही आपली नावे आपापल्या जिभेला वळतील तशी वळवली. त्याबद्दल त्यांना कोणी सभेत उभे करून हसले नाही.

इथे माझी एक खरी चूक सांगायला हवी. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. तो पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाचाही वैद्य होता. हिंदुस्थानातल्या औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. ओर्ताचे घराणे मूळचे ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेले. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. या ओर्ताने आपल्या सुलतानाचे नाव जसे लिहिले ते मी रोमन अक्षरांवरून ‘निझामोक्सा’ असे वाचले आणि माझ्या एका लेखात तसेच छापले. पुढे कळले की त्या काळच्या पोर्तुगीज लेखनात एक्स हे अक्षर श साठी येते. म्हणजे ओर्ताने लिहिले होते ‘निझामोशा’, साधा सरळ ‘निजामशाह’! तो बिचारा आपल्या सुलतानाचे नाव जवळजवळ बरोबर लिहीत होता आणि मी नगरचा असून ते इंग्रजी डोळ्यांनी चुकीचे वाचत होतो. अध्यक्षांनी माझ्याबाबत जे केले तेच मी ओर्ताबाबत केले होते.

रूमी आणि हबशी

परक्या लोकांची नावे नगरला नवीन नव्हती. विजापूरच्या बुरुजावर आज जी ‘मलिक-ए-मैदान’ तोफ आहे ती ओतली गेली आपल्या नगरमध्ये, १५४९ साली. वजन सुमारे ५५ टन. ओतणाऱ्याचे नाव तिच्यावर कोरलेले आहे : मुहम्मद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे रोमचा. पण हा माणूस रोमचा नव्हता, तुर्क होता. पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल. त्या साम्राज्याच्या मुलखाला अरब आणि इराणी ‘रूम’ म्हणत. तो मुलूख पुढे तुर्कांनी घेतला, १४५३ मध्ये राजधानीही पडली, पण मुलखाचे जुने नाव सुटले नाही. रोमन गेले आणि तुर्क ‘रूमी’ झाले. नाव ज्याचे होते तो निघून गेला तरी नाव मागे राहते आणि पुढच्या भाडेकरूला चिकटते.

दुसरा शब्द ‘हबशी’. मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनमध्ये आला आणि इथे निजामशाहीचा वजीर चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखान स्वतःही हबशीच होता. मलिक अंबरने पुढे पाव शतक बुडती निजामशाही सावरून धरली. १६२४ मध्ये नगरपासून जवळच भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना हरवले. शहाजीराजे त्या लढाईत होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच कामी आले.

अरबी भाषेत त्या देशाला ‘हबश’ म्हणत, त्यावरून आपला हबशी. पोर्तुगीजांनी तोच शब्द ऐकून ‘अबेशीं’ केला आणि युरोपात फिरत फिरत त्याचे इंग्रजी नाव ‘ॲबिसिनियन’ झाले. आता या तिघांत शुद्ध कोणते? शाळेत आम्हाला ‘ॲबिसिनिया’ हे नाव पुस्तकी म्हणून भारदस्त वाटे आणि ‘हबशी’ गावंढळ. प्रत्यक्षात मुळाच्या जवळ आपलाच शब्द. पुढे त्याला हेटाळणीचा वास लागला, म्हणून आज तो जपून वापरावा हे खरे. पण तो दोष उच्चाराचा नाही, वापरणाऱ्यांच्या मनाचा आहे.

पाच टोपीकर

आता मुख्य पुराव्याकडे येतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे १७१५च्या सुमारास, समुद्रापलीकडून आलेल्या टोपीकर व्यापाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा आहे. त्यात पाच नावे येतात : फिरंगी, इंगरेज, वलंदेज, फरासीस आणि डिंगमार. वखारीसाठी जागा मागणाऱ्या या लोकांचा खरा हेतू अमात्यांनी अचूक ओळखला होता. त्यांच्या राजकीय जाणतेपणाचे कौतुक सगळे करतात. पण या पाच शब्दांचा उच्चारही एक दस्तऐवज आहे, तिकडे लक्ष कमी जाते.

‘इंगरेज’ घ्या. इंग्रज स्वतःला ‘इंग्लिश’ म्हणतो. आपण तो शब्द थेट त्याच्या तोंडून घेतला असता तर शेवटी श किंवा स राहिला असता, ‘इंग्लिस’सारखे काही झाले असते. रेज कुठून आला? पोर्तुगीज भाषेत इंग्रजाला ‘इंग्लेश’ म्हणतात आणि त्या शब्दापुढे स्वर आला की शेवटचा ध्वनी झेडसारखा होतो : ‘इंग्लेझा’ म्हणजे इंग्रज बाई. ल चा र होणे आपल्याकडे नवे नाही. इंग्लेझचे इंग्रेज, इंगरेज आणि मग इंग्रज. हिंदीतला ‘अंग्रेज’ही याच घरचा.

‘वलंदेज’ म्हणजे हॉलंडचे लोक, आजच्या पाठ्यपुस्तकातले डच. पोर्तुगीज भाषेत हॉलंडचा माणूस ‘ओलांदेश’. त्यांच्यात सुरुवातीचा ह लिहितात पण बोलत नाहीत. ओ ने सुरू होणाऱ्या शब्दाला आपल्या जिभेने व चा टेकू दिला आणि वलंदेज तयार झाला. हे लोक १६३७ पासून वेंगुर्ल्याला वखार घालून होते, तेव्हा मराठी माणसाच्या कानांशी त्यांचा चांगला परिचय होता. तरी त्यांनी स्वतःला दिलेले नाव आपण घेतले नाही, पोर्तुगीजांनी त्यांना दिलेले नाव घेतले.

‘डिंगमार’ म्हणजे डेन्मार्कचे. त्यांचे ठाणे १६२० पासून तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला होते. इंग्रजी ‘डेन’ किंवा ‘डॅनिश’पासून डिंगमार होणार नाही. पोर्तुगीज भाषेत त्या देशाचे नाव ‘दिनामार्का’. त्यातला पहिला इकार आणि पुढचा ‘मार’ हे दोन्ही आपल्या शब्दात शाबूत आहेत. ‘फरासीस’ हा शब्दही इंग्रजी ‘फ्रेंच’वरून आलेला नाही, हे कानालाच कळते. पोर्तुगीज ‘फ्रान्सेश’ आणि फारसी ‘फरान्सीस’ यांच्या कुळातला तो आहे.

या सगळ्यातून एक गोष्ट उघड होते. या पाचांपैकी कोणाचेही नाव आपण त्याच्या स्वतःच्या तोंडून घेतले नाही. फिरंगी फारसीतून आला आणि इंग्रज-वलंदेजांची ओळख फिरंग्याने करून दिली. इंग्रज आणि डच किनाऱ्यावर आले तेव्हा पोर्तुगीजांना इथे शतक उलटून गेले होते. किनाऱ्यावरच्या व्यापाराची बोली पोर्तुगीज होती आणि नव्या कंपन्यांनाही त्या बोलीचे दुभाषे ठेवावे लागत. आधी आलेल्या पाहुण्याने मागून आलेल्याचे नाव सांगितले आणि ते आपण आपल्या जिभेने घेतले.

म्हणून माझे म्हणणे असे की परक्या लोकांच्या नावाचा आपला उच्चार हा बिघडलेला उच्चार नसतो. ते लोक कोणाच्या मार्फत आपल्याला माहीत झाले, याची ती नोंद असते. ताम्रपटावरची अक्षरे जपायची तसा तो जपायला हवा. पगार, चावी, बटाटा, घमेले हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द आपण रोज वापरतो आणि त्यांचे उच्चार सुधारायला कोणी सांगत नाही. ज्या पगारावर मी आयुष्य काढले तो शब्दही त्यांचाच. मग फक्त त्यांच्या नावापाशीच लाज का वाटावी?

शुद्धीकरणाचा तोटा

हा केवळ मानापमानाचा विषय नाही. काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकाने माझा लेख छापला. त्यात मी ‘डिंगमार’ जसाच्या तसा ठेवला होता. छापून आले तेव्हा तिथे ‘डेन्मार्क’ होते आणि ‘इंगरेज’चे सर्वत्र ‘इंग्रज’ झाले होते. मुद्रितशोधन करणाऱ्याने भलेच करायचे म्हणून केले होते. पण वर जो इकाराचा पुरावा सांगितला, तो त्या एका दुरुस्तीने पुसला गेला. वाचणाऱ्याला वाटावे, अठराव्या शतकातले मराठे आजच्या भूगोलाच्या पुस्तकातून देशांची नावे शिकले होते.

दुसरा तोटा शोध घेणाऱ्याचा. पारनेर तालुक्यातली इतिहासात एम. ए. करणारी एक मुलगी माझ्याकडे येत असे. जुन्या कागदांच्या छापील खंडांत डचांविषयी काहीच सापडत नाही, म्हणून ती हिरमुसली होती. मी तिला वलंदेज हा शब्द दिला. ती म्हणाली, “काका, हा शब्द मी वाचला होता. पण मला वाटलं ते एखाद्या सरदाराचं आडनाव असेल.” तिचा यात दोष काय? शाळेपासून तिला डच एवढेच नाव सांगितलेले. शिकवलेला शब्द आणि कागदातला शब्द यांच्यामध्ये कोणी पूलच बांधला नव्हता.

आणि हा ‘डच’ शब्द तरी किती शुद्ध? जर्मन लोक स्वतःला ‘डॉइच’ म्हणतात. त्याच मुळापासून इंग्रजीत ‘डच’ आला. जुने इंग्रज या शब्दाने जर्मन आणि हॉलंडचे असे दोन्ही लोक ओळखत, पुढे तो फक्त हॉलंडच्या लोकांना चिकटला. म्हणजे वलंदेज टाकून आपण जो ‘शुद्ध’ शब्द घेतला, तो इंग्रजांनी शेजाऱ्याचे नाव दुसऱ्याच शेजाऱ्याला दिल्यामुळे झालेला!

किल्ल्यातले पाहुणे

ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. त्यानंतर इथे नावे येऊ लागली ती इंग्रजीच्या मार्फत. दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात पकडलेले ‘बोअर’ कैदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरला आणून ठेवले होते. बोअर हे आपल्याला राष्ट्राचे नाव वाटते. त्या लोकांच्या भाषेत त्याचा उच्चार ‘बूर’ आणि अर्थ शेतकरी. आपल्या शब्दांत सांगायचे तर कुणबी. नगरच्या किल्ल्यात सातासमुद्रापलीकडचे कुणबी कैदेत होते आणि तटाबाहेर आपले कुणबी औत हाकत होते. शब्दाचा अर्थ कोणी सांगितला असता तर दोघांनी एकमेकांकडे वेगळ्या नजरेने पाहिले असते.

दोन्ही महायुद्धांत इथे ‘जर्मन’ स्थानबद्ध होते. १९३९ मध्ये पकडलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर काही काळ नगरच्या छावणीत होता. तो जन्माने ऑस्ट्रियन, पण १९३८ मध्ये त्याचा देश जर्मनीत विलीन झाल्यामुळे इंग्रजांच्या लेखी जर्मनच. आपल्या आया-आज्यांच्या तोंडी मात्र ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ म्हणजे ॲल्युमिनियमचे पातेले. ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाने तांबे, निकेल आणि जस्त यांचा पांढरा मिश्रधातू विकला जाई, त्यात चांदीचा कणही नसे. ते नाव पुढे स्वस्त पांढऱ्या भांड्यांना लागले आणि राष्ट्राचे नाव फडताळात जाऊन बसले. ‘जर्मलचं पातेलं’ म्हणणारी आजी अशुद्ध बोलत नव्हती. जर्मनी तिच्या घरी ज्या वाटेने आली ती वाट तिच्या शब्दात होती.

आणि आपले नाव?

आता आरसा आपल्याकडे वळवू. इंग्रजांनी आपल्याला काय म्हटले? त्यांच्या जुन्या पुस्तकांत ‘मह्राटा’ असे रूप दिसते. टिळक-आगरकरांनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या इंग्रजी साप्ताहिकाचे ‘मराठा’ हे नावही रोमन अक्षरांत तसेच, र च्या आधी एच घालून, लिहिलेले असे. हा एच मला बरीच वर्षे साहेबाचा अडाणीपणा वाटे. पण तसे नाही. प्राकृतात शब्द होता ‘मरहट्ठ’, जुन्या मराठीत ‘मऱ्हाटा’ आणि ‘मऱ्हाटी’. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्यात भाषेचे नाव ‘मऱ्हाटी’ असेच येते. तो ह पुढे आपल्या शिष्ट बोलण्यातून गळाला. इंग्रजांच्या लेखनात तो जागा बदलून का होईना, टिकून राहिला. आपण ज्याला त्यांची चूक समजत होतो, ती आपल्याच जुन्या उच्चाराची साक्ष निघाली.

ठ मात्र त्यांना कधी साधला नाही. १८३१ मध्ये अमेरिकन मिशनने नगरला ठाणे घातले. शाळा काढल्या, मराठीत लिहिले, छापले. परभाषकाला ट, ठ, ड, ढ हे टप्पे चढायला वेळ लागतोच. आजही परदेशी माणूस आपल्या भाषेचे नाव रोमन अक्षरांवरून वाचतो तेव्हा ‘मराथी’ म्हणतो. आपण त्याला हसत नाही. उलट, साहेब आपल्या भाषेचे नाव घेतो याचेच कौतुक वाटते. तोच साहेबाचा शब्द आपल्यातल्या एखाद्याच्या तोंडी वेगळा निघाला की सभागृह हसते. हे तराजूचे दोन काटे सारखे नाहीत. वजनकाट्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला एवढे तरी दिसते.

पारनेरची ती मुलगी गेल्या वर्षी एका मुलाखतीला निघाली होती. तिने विचारले, “काका, तिथं पोर्तुगीज म्हणू की पोर्चुगीज?” मी सांगितले, मुलाखत इंग्रजीत झाली तर पोर्चुगीज म्हण. ज्या भाषेत बोलायचे तिचा उच्चार सांभाळावा, त्यात कमीपणा नाही. मराठीत बोललीस तर बेधडक पोर्तुगीज म्हण, शेवटचा ज आपला दंत्य ठेव. त्यांच्यातलाच कोणी भेटला तर पुर्तुगेश म्हणून बघ, तो खूश होईल. आणि जुने कागद उघडशील तेव्हा या तिन्ही शब्दांना बाजूला ठेव आणि फिरंगी शोध.

ती हे वहीत लिहून घेत होती. ‘फिरंगी’पुढे कंस करून तिने विचारले, “आणि वलंदेज म्हणजे डच, बरोबर ना?” मी हो म्हटले आणि डिंगमारही लिहून घ्यायला सांगितले.